तोंड न फिरवता

तिने पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट जवळ धरलं आणि दोन्हींभोवती कागदी चिकटपट्टी गुंडाळली. पट्टी कामावरचीच होती. रक्त काढून झालं की कापूस, कापसावर पट्टी आणि "हात जरा दुमडून ठेवा" हे तिचं दिवसभराचं काम. दुसऱ्याच्या हातावर ती पट्टी न बघता लावायची. स्वतःच्या पायावर मात्र ती वाकडी गेली. तिने ती उपटली आणि दुसरी फाडली.

"काकू, टेन्शन कसलं घेताय?" बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली भिंगरी म्हणाली. "तुमचा बेल्ट घरपोच येईल."

भिंगरी बेकरीत कामाला होती. वय विशीच्या जरा पुढे. जागच्या जागी गर्रकन फिरून लाथ मारायची तिची खोड, त्यावरून हे नाव पडलेलं. बोलली ती हसतच. पण कपडे बदलायच्या खोलीतल्या बाकीच्या दोघींना नेमकं त्याच वेळी आपापल्या पिशवीत काहीतरी सापडेनासं झालं.

"घरपोच नको गं बाई," ती म्हणाली. "आमच्या घरी दिवसा कोणी नसतं, परत जाईल."

भिंगरी हसली. पिशव्यांमधून मात्र कोणी मान वर केली नाही.

तायक्वांदोचा हा क्लास तिच्या धाकट्या दिराचा. लेकीला सोबत म्हणून ती इथे यायला लागली. लेक यलो बेल्टवर कंटाळली आणि घरी बसली, आई राहिली. पन्नाशीला टेकली तरी राहिली. आज ब्लॅक बेल्टची परीक्षा होती, आणि तिची ही दुसरी खेप.

पहिल्या खेपेला ती फाइटमध्ये नापास झाली होती. परीक्षेत फाइटच्या दोन फेऱ्या असत. जिंकलंच पाहिजे अशी अट नव्हती. मार खाल्ला तरी चालायचं. अट एकच: समोरच्यावरची नजर काढायची नाही. लाथ येताना तोंड फिरवलं की नापास, मग बाकीचं कितीही चोख असो. हा नियम दिराने स्वतः घातला होता. तोंड फिरवणारा लाथ तर खातोच, शिवाय ती कुठून आली हेही त्याला कळत नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा. या नियमावर त्याने भिंगरीला दोनदा परत पाठवलं होतं, ब्लॅक बेल्ट तिला तिसऱ्या खेपेला मिळाला. स्वतःच्या वहिनीलाही पाठवलं. आणि त्याच परीक्षेत मालकांना, म्हणजे हा हॉल ज्यांचा त्यांना, गुडघ्याला पट्टा आहे म्हणून फाइटशिवाय ब्लॅक बेल्ट बांधला होता.

तेव्हापासून क्लासमध्ये कोणी उघड काही बोललं नव्हतं. फक्त मालक समोर आले की मुलं जरा जास्तच वाकून नमस्कार करायची.

"एक मिनिट," दीर दाराबाहेरून म्हणाला.

नाव नाही, नातं नाही. क्लासमध्ये तो तिला काहीच म्हणायचा नाही. सगळ्यांसमोर 'तू' म्हणणं बरं दिसत नव्हतं आणि 'तुम्ही' त्याच्या जिभेवर येत नव्हतं. म्हणून तिला शिकवताना तो भिंतीला शिकवल्यासारखं बोलायचा: पाय वर घ्यायचा, हात खाली सोडायचे नाहीत. तीही त्याला सर म्हणायची आणि कमरेत वाकायची. नवी नवरी होऊन ती त्या घरात आली तेव्हा हा तिच्या पदराला हात पुसायचा.

ती बोळात आली. दिराने दार लोटून घेतलं.

"फाइट राहू दे का?"

"कोणाची?"

"वहिनी, तुला कळतंय मी काय म्हणतोय ते."

"मला काय धाड भरलीय? माझे दोन्ही गुडघे जागेवर आहेत."

त्याने मान खाली घातली. टोला बसला होता. "वय झालेल्यांना फाइटच्या ऐवजी दुसरं काहीतरी करू देतात बऱ्याच ठिकाणी. चुकीचं नाही त्यात काही. मी आज तसा नियम सांगू शकतो. सगळ्यांसाठी."

"आज? माझ्या परीक्षेच्या दिवशी?"

त्याने दाराची कडी उगाच चाचपली.

"मालकांच्या वेळी लोक निदान कुजबुजले तरी," ती म्हणाली. "माझ्या वेळी तेवढेसुद्धा कष्ट घेणार नाहीत. नुसते हसतील. मला दोन फेऱ्या हव्यात, भावजी. पूर्ण."

भावजी ती रागावल्यावरच म्हणायची. त्याने ते ओळखलं.

"दादा म्हणालाय, तिच्या नाकाला काही झालं तर घरात पाऊल टाकू नकोस."

"नाक माझं आहे. त्यांना त्यांचं सांभाळायला सांग."

आत कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. दिराने गळ्यातली शिट्टी मुठीत धरली, सोडली.

"दोन फेऱ्या," तो म्हणाला. "पूर्ण. नियमाप्रमाणे."

"नक्की?"

"नक्की."

हॉल म्हणजे एके काळचं गोदाम. छत पत्र्याचं, खाली निळ्या मॅट एकमेकींत अडकवलेल्या. भिंतीशी टेबल, टेबलामागे पाहुण्या परीक्षक. पांढरे केस बारीक कापलेल्या या बाई दुसऱ्या गावाहून आल्या होत्या आणि क्लासमधल्या कोणालाच ओळखत नव्हत्या. फाइट संपली की त्या आणि सर, दोघांचे हात वर गेले तर पास. जोडीदार कोण, ते सर ठरवायचे. हजर असलेल्या ब्लॅक बेल्टमधून कोणीही.

सुरुवातीचं सगळं सुरळीत गेलं. पूमसे, म्हणजे ठरलेल्या हालचालींची एकामागून एक साखळी, ती झोपेतही करू शकली असती. भाजी परततानाही तिचे पाय ओट्याखाली त्या जागा घ्यायचे. फळीही पहिल्या लाथेला फुटली. तिच्या आधी दोन मुलगे होते. दोघांच्या फाइट झाल्या. एकाच्या ओठातून रक्त आलं, आणि ते बघून तिला सवयीने वाटलं, वाया गेलं.

मग दिराने तिचा नंबर पुकारला. ती मॅटवर जाऊन खुणेवर उभी राहिली. अंगात चेस्ट गार्ड, डोक्याला हेल्मेट, दातांत रबर. हेल्मेटमध्ये स्वतःचा श्वास शेजारच्या खोलीत कोणी झोपल्यासारखा ऐकू येत होता.

"जोडीदार," दीर म्हणाला आणि क्षणभर थांबला. "मालक."

हॉलमधली चुळबूज एकदम थांबली. मालकांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी? सरांनी मान हलवली. मागच्या रांगेत कोणीतरी कोणाला तरी कोपराने ढोसलं. बघ, सर वचपा काढतायत. उतरवलं शेवटी मॅटवर. तिलाही पहिल्यांदा तेच वाटलं आणि दिराचा अभिमान वाटला. हॉल ज्याचा, त्यालाच सगळ्यांसमोर उभं करायला छाती लागते.

मालक आले. धिप्पाड माणूस, पण चालताना आपल्याच पावलांची माफी मागत आल्यासारखे आले. गुडघ्याला पट्टा होता. दोघं वाकले. शिट्टी झाली.

मालकांनी एक लाथ टाकली. ती हवेतच विचार बदलून खाली आली. मग तिने पुढे सरकून नुसता खांदा हलवला, तेवढ्यात मालकांनी तोंड फिरवलं. डोळे गच्च मिटून, मान पार भिंतीकडे.

असं तोंड ती रोज बघत होती. समोरच्या खुर्चीत बसलेली माणसं, बाही वर केलेली, आणि सुई दिसली की हेच. ती त्यांना सांगायचीच, तिकडे बघा. मान वळली की त्याच क्षणी सुई आत. वर्षानुवर्षांत हाताला ते इतकं भिनलं होतं की आता हाताचं पायाने ऐकलं. तिची लाथ मालकांच्या डाव्या बरगडीवर चेस्ट गार्डवर सणसणीत बसली. मालक दोन पावलं मागे गेले.

पोरं ओरडली. तिला एकदम हलकं वाटलं. तिने आणखी एक मारली, तीही बसली. मालकांनी पुन्हा तोंड फिरवलं.

पहिली फेरी संपली. ती कोपऱ्यात आली. रबर काढून पाण्याचा घोट घेतला आणि सहज दिराकडे बघितलं.

मघाशी त्या मुलांच्या फाइट चालू होत्या तेव्हा दीर मॅटच्या कडेला चवड्यांवर उभा होता. कुठल्याही क्षणी मध्ये उडी मारता यावी असा, शिट्टी ओठांत. आत्ता तो टेबलाला टेकला होता. हात मागे बांधलेले, शिट्टी छातीवर लोंबत होती. डॉक्टरने काही नाही म्हटल्यावर माणूस बसतो तसा.

तिने पाण्याची बाटली खाली ठेवली.

दोन फेऱ्या, पूर्ण, नियमाप्रमाणे. त्यात खोटं काही नव्हतं. हॉलमध्ये ब्लॅक बेल्ट कितीतरी होते, आणि त्यांतला हा एकच असा होता ज्याचा पाय तिच्या तोंडापर्यंत कधीच पोचणार नव्हता.

दुसऱ्या फेरीत तिने फारसं काही केलं नाही. मालक घामाने निथळत होते. तिने एकदा त्यांना पाय नुसता लावला, दारावर टकटक करावी तसा. शिट्टी झाली. पाहुण्या परीक्षकांनी हात वर केला. दिराचाही हात वर गेला, जरा लगबगीने. टाळ्या झाल्या. भिंगरीनेही वाजवल्या, लग्नात दूरच्या पाहुण्यांनी वाजवाव्यात तशा.

मालक वाकून बाजूला झाले. तिने दातांतलं रबर काढलं आणि खुणेवरच उभी राहिली.

"बसायचं आता," दीर हवेकडे बघत म्हणाला.

"सर, माझी फाइट झालेली नाही."

"दोन फेऱ्या झाल्या."

"झाल्या. पण मला लागलं कुठे? नजर राहते की जाते, ते लागायची वेळ आल्यावर कळणार ना."

कोणीतरी हसलं आणि थांबलं. दिराचा चेहरा उतरला. त्याला कळलं होतं की तिला कळलंय.

पाहुण्या परीक्षक पुढे झुकल्या. "काय हवंय तुम्हाला?"

"दुसरा जोडीदार."

"असा मागता येतो इथे?" त्यांनी दिराला विचारलं.

"आजवर कोणी मागितला नाही," दीर म्हणाला.

"मी मागते."

"विचार करा," पाहुण्या परीक्षक तिला म्हणाल्या. आवाज कोरडा होता, पण वाईट नव्हता. "आत्ता तुम्ही पास आहात. दुसरी फाइट घेतलीत तर पहिली धरायची नाही. मग होईल ते होईल."

तिने दिराकडे बघितलं. तो मानेने अगदी बारीक नाही म्हणत होता. लहानपणी पाहुण्यांसमोर तिने त्याची एखादी लबाडी सांगायला घेतली की हलवायचा तशी मान.

"नका धरू," ती म्हणाली.

मग ती रांगेकडे वळली. तिला काही बोलावं लागलं नाही. भिंगरी आधीच केसांना रबर बांधत उठली होती.

दोघी समोरासमोर आल्या. वाकताना भिंगरी पुटपुटली, "काकू, मघाचं मनावर घेऊ नका हं."

"घेतलं म्हणून तर उभी आहे. हात आखडलास तर बघ."

"हात कोण मारतंय," भिंगरी म्हणाली आणि दोघींनी दातांत रबर धरलं.

शिट्टी.

पहिली लाथ छातीवर आली. आवाज पत्र्यापर्यंत गेला आणि तिच्या फुप्फुसातली सगळी हवा त्याच्यामागे गेली. तिने डोळे भिंगरीच्या गळ्याच्या खळग्यावर ठेवले. समोरच्याचा गळा बघायचा, म्हणजे दोन्ही पाय दिसतात, हे तिने भिंतीला शिकवलेलं ऐकलं होतं. दुसरी लाथ दंडावर. तिसरी बाजूने हेल्मेटवर. ती तिने येताना पूर्ण बघितली. टाचेची भेग, करंगळीचं चेपलेलं नख, सगळं. कानात घंटा वाजली, पण डोळे जागेवर होते. तिने एक परत केली. भिंगरीच्या पोटावर लागली. भिंगरी रबरातून हसली, आणि आता खरी लागली खेळायला.

दीर मॅटच्या कडेला आला होता. चवड्यांवर, शिट्टी ओठांत.

दुसऱ्या फेरीत तिचे पाय जड झाले. गालावर काहीतरी कोमट पसरत होतं, घाम असेल. ती मोजत नव्हती, नुसती बघत होती. लाथ आली की बघायची, लागली की बघायची. हॉलमध्ये कोणी ओरडत नव्हतं. मग भिंगरीने एक पाय मागे टाकला. तिची पाठ दिसली. वेणी हवेत वर उचलली गेली. पुढे काय येणार हे तिला पुरतं ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच असेल, मान आपली आपण वळली. फार नाही. शेजारी एखादं दार आपटलं की वळते तेवढी. लाथ हेल्मेटच्या मागच्या बाजूला लागली. जोरात लागलीही नाही.

शिट्टी झाली. वेळ संपली होती.

पाहुण्या परीक्षकांचे हात टेबलावर होते. त्यांनी ते उचलले नाहीत, पण मांडीवरही ठेवले नाहीत. त्यांच्या बाजूने भिंगरीची पाठ आड आली होती. "मला नीट दिसलं नाही," त्या म्हणाल्या. "सर, तुम्ही सांगाल ते."

दीर ज्या कोपऱ्यात होता तिथून दिसलं की नाही, हे हॉलमध्ये कोणीच छातीठोकपणे सांगू शकलं नसतं. त्याने नाही दिसलं म्हटलं असतं तर ते तिथेच संपलं असतं. भिंगरी खाली मॅटकडे बघत होती. तीसुद्धा काही बोलली नसती. हिने मात्र दातांतलं रबर काढून हातात घेतलं आणि दिराकडे बघत राहिली.

त्याने शिट्टी गळ्यातून काढली. तिची दोरी बोटांभोवती गुंडाळली, घट्ट.

"शेवटी नजर सुटली," तो म्हणाला. मग त्याने पहिल्यांदाच सगळ्यांसमोर तिच्याकडे सरळ बघितलं. "नापास, वहिनी."

ती कमरेत वाकली. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. भिंगरी पुढे आली आणि तिच्या हनुवटीखालचा हेल्मेटचा पट्टा सोडवू लागली.

"लागलं का काकू?"

"लागलं तर."

परीक्षा आटोपली, माणसं पांगली. ती भिंतीशी बाकावर गालाला बर्फाची पिशवी लावून बसली होती. दीर शेजारी येऊन बसला.

"दादा मला घरात घेणार नाही."

"मी घेईन."

"मला वाटलं तुझ्या लक्षात येणार नाही."

"तुला मी पत्त्यांत मुद्दाम जिंकू द्यायचे, आठवतं? आणि एक दिवस तुला ते कळलं."

त्याने बोटांभोवतीची शिट्टीची दोरी सोडवायला घेतली.

"काय थयथयाट केला होतास. जेवलाच नाहीस रात्री. मी ताट घेऊन मागे मागे. म्हणालास, आधीचे सगळे डाव परत खेळ."

"खेळली नाहीस तू."

"झोप आली होती रे."

त्याला हसू आलं. ते त्याने तळहाताने पुसून काढलं आणि मॅट गोळा करायला उठला.

तो दूर जाईपर्यंत मालक पलीकडच्या खांबाशी थांबले होते. मग पुढे आले. अंगात चेस्ट गार्ड अजून तसाच होता. बसायला सांगायची वाट बघितल्यासारखे उभे राहिले, स्वतःच्या हॉलमध्ये. तिने बाकावर सरकून जागा केली.

"बरगडीत ठणकतंय," मालक म्हणाले.

ती ओशाळली. "बर्फ घ्या हा. माझा झाला."

"नको, नको. असू दे." त्यांनी डाव्या बाजूला हात ठेवला. दुखतंय की नाही याची खात्री करून घ्यावी तसा जरा दाबलाही. "इतकी वर्षं येतोय मी. सरावाला कोणीही जोडीदार असो, माझ्यापर्यंत येईस्तोवर सगळ्यांचे पाय मऊ होतात. मला वाटायचं माझा बचाव चांगला आहे."

तिने हसू गालातल्या गालात ठेवायचा प्रयत्न केला, पण तो गाल सुजला होता.

"सरांशी बोललोय मी," मालक म्हणाले. "पुढच्या परीक्षेत तुमच्यानंतर माझी फाइट. दोन फेऱ्या. गुडघा आहे तसाच आहे, त्याला काही होत नाही. आणि जोडीदार ती बेकरीवाली. तुम्हाला दिला तोच मला."

"ती सोडणार नाही हो तुम्हाला."

"नाहीच सोडणार. बघत होतो मी." त्यांनी घसा खाकरला. "तोवर सराव पाहिजे. खऱ्यासारखा. तुम्ही संध्याकाळी असता ना इथे?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मोठा माणूस, केस घामाने कपाळाला चिकटलेले, विचारताना मान किंचित आत ओढलेली.

"तुम्ही तोंड फिरवता," ती म्हणाली.

"हो," मालक म्हणाले. "तुम्हीसुद्धा."